दोनशे फुटांची उंची

१९३५ ह्या एका वर्षात वायली पोस्ट नावाच्या अमेरिकन वैमानिकास त्याच्या विमानाच्या इंजिनाने दोनदा दगा दिला. पहिला प्रसंग २२ फेब्रुवारीचा. त्या वेळी तो कॅलिफोर्नियातील वाळवंटावर, जमिनीपासून वीस हजार फुटांहून अधिक उंचीवर होता. दुसरा प्रसंग १५ ऑगस्टचा, अलास्काच्या उत्तर टोकाजवळचा. त्या वेळी त्याची उंची फार तर दोनशे फूट होती. माणूस तोच, हात तेच, वर्षानुवर्षांचा सरावही तोच. पहिल्या खेपेस त्याच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. दुसऱ्या खेपेस तो आणि त्याच्यासह प्रवास करणारा विल रॉजर्स हे दोघेही जागच्या जागी मरण पावले. त्या दुसऱ्या अपघाताची ही हकीकत आहे.

आकाशात इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली कोसळते, अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तसे होत नाही. विमान तोलून धरतात ते पंख, आणि पंखांना हवा असतो तो वेग. हा वेग इंजिन देते, तसा उतारही देतो. घाटमाथ्यावर मोटारीचे यंत्र बंद पडले तरी उतारावरून ती आपली चालत राहते. त्याचप्रमाणे विमानाचे नाक थोडे खाली झुकविले की ते हवेवरून घसरत पुढे जात राहते. दहा हजार फुटांवर असलेल्या लहान विमानास अशा रीतीने दहा-पंधरा मैलांचा पल्ला सहज गाठता येतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाला एखादे मोकळे शेत, माळ किंवा नदीचे वाळवंट हेरता येते, वारा कोणत्या दिशेचा आहे ते पाहता येते, बिघाड किरकोळ असल्यास इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्नही करता येतो. उंची ही वैमानिकाच्या गाठीची शिल्लक होय. अडीअडचणीला तीच मोडून खावयाची असते. दोनशे फुटांवर ही शिल्लक काही सेकंदांपुरतीच असते, आणि तेवढ्यात नाक खाली झुकवून, समोर जी जागा असेल तिच्यावर सरळ उतरणे एवढाच मार्ग उरतो. अशा वेळी विमान वळणात असेल तर तोही मार्ग अरुंद होतो. कारण वळताना पंखांवरील भार वाढतो आणि विमान तोलून धरण्यास नेहमीपेक्षा अधिक वेग लागतो.

हे सारे पोस्टला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्या काळी त्याच्याइतके हे जाणणारी माणसे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. १८९८ साली टेक्सास प्रांतात एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. शाळेत त्याचे मन रमले नाही. तारुण्यात एका लुटीच्या गुन्ह्यासाठी त्याने तुरुंगवासही भोगला. पुढे ओक्लाहोमातील तेलाच्या विहिरींवर काम करीत असता १९२६ साली लोखंडाचा कण डाव्या डोळ्यात घुसला आणि तो डोळा कायमचा गेला. नुकसानभरपाई म्हणून जी रक्कम हाती आली, तिच्यातून ह्या गृहस्थाने काय करावे? एक जुने विमान विकत घेतले! एका डोळ्याच्या माणसास अंतराचा अंदाज नीट येत नाही. पोस्टने घरे, झाडे, टेकड्या पाहून त्यांचे अंतर मनाशी ठरवावयाचे आणि मग पावले टाकून ते मोजून पाहावयाचे, असा क्रम चालविला आणि उरलेल्या डोळ्यास शिकविले.

पुढे तो एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या नोकरीत वैमानिक झाला. त्या व्यापाऱ्याच्या मुलीच्या नावावरून 'विनी मे' हे नाव मिळालेल्या विमानातून पोस्टने १९३१ साली हॅरॉल्ड गॅटी ह्या दिशादर्शकासह पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ८ दिवस, १५ तास आणि ५१ मिनिटांत. त्यापूर्वीचा विक्रम 'ग्राफ झेपेलिन' ह्या महाकाय वायुनौकेचा, एकवीस दिवसांचा होता. दोन वर्षांनी, १९३३ साली, त्याच विमानातून त्याने हीच फेरी एकट्याने ७ दिवस, १८ तास आणि ४९ मिनिटांत पुरी केली. आपल्याकडे त्याच सुमारास, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाच्या थैल्या आणल्या, त्यादेखील एकाच इंजिनाच्या छोट्या विमानातून. एक इंजिन म्हणजे एकच आधार. तो तुटला तर दुसरा नाही, हे तेव्हाचे सारे वैमानिक गृहीत धरूनच उडत असत.

त्यानंतर पोस्टच्या मनाने घेतले की विमानाने अधिक उंच जावे. वर हवा विरळ असते, विरोध कमी होतो, आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे प्रचंड वेगाचे वारे पाठीशी घेता येतात. परंतु तेथे माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून त्याने रबर आणि कापड यांचा, हवेच्या दाबाने फुगणारा एक अंगरखा करविला आणि त्यावर पाणबुड्यासारखे धातूचे शिरस्त्राण बसविले. पुढे अंतराळवीरांनी जो पोशाख वापरला त्याचा हा पूर्वज. हाच पोशाख घालून २२ फेब्रुवारी १९३५ रोजी तो लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक येथून न्यूयॉर्ककडे निघाला. वजन आणि वाऱ्याचा विरोध वाचविण्यासाठी उड्डाण होताच विमानाची चाके खाली टाकून द्यावयाची आणि उतरताना पोटाखालच्या घसरपट्टीवर उतरावयाचे, अशी योजना होती. थोड्याच वेळात इंजिन बिघडले. कोणीतरी त्यात धातू घासण्याची पूड टाकली होती, असे मागाहून आढळल्याचे सांगतात. चाके नाहीत, टाक्या इंधनाने भरलेल्या, अंगावर तो अवजड पोशाख, आणि यंत्र निकामी. पण खाली वीस हजारांहून अधिक फूट हवा होती. पोस्टने विमान सावकाश घसरवीत आणले आणि म्युरॉक येथील कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर पोटावर अलगद टेकविले. नंतर शिरस्त्राण काढण्यासाठी मदत मागावयास तो जवळच्या दुकानदाराकडे चालत गेला, तेव्हा ते ध्यान पाहून त्या बिचाऱ्याचीच बोबडी वळली.

आता दुसऱ्या गृहस्थाविषयी. विल रॉजर्स ह्याचे नाव आज आपल्याकडे फारसे कोणास आठवणार नाही, परंतु १९३५ साली अमेरिकेत त्याला न ओळखणारे घर नव्हते. त्याचा जन्म १८७९ सालचा, आणि तो चेरोकी ह्या मूळ अमेरिकन जमातीचा होता. दोरीचे फास फेकून करामती दाखविणारा गुराखी म्हणून तो रंगभूमीवर आला. हात दोरीशी खेळत असता तोंडाने तो चालू घडामोडींवर मार्मिक बोलू लागला, आणि लोकांना दोरीपेक्षा बोलणेच अधिक आवडले. पुढे तो चित्रपटांतला पहिल्या प्रतीचा नट झाला. १९२६ पासून त्याचा चार-सहा ओळींचा मजकूर तारेने रोज शेकडो वर्तमानपत्रांकडे जात असे, आणि मोठमोठे मुत्सद्दी सकाळी प्रथम तोच वाचीत. नभोवाणीवरही तो बोले. बोलण्याच्या ओघात वेळेचे भान राहत नाही म्हणून समोर गजराचे घड्याळ ठेवी, आणि गजर झाला की वाक्य अर्धे टाकून थांबे. विमानप्रवासाचा त्याला विलक्षण नाद होता. १९३१ साली दुष्काळाने होरपळलेल्या प्रांतांसाठी रेडक्रॉसचा निधी गोळा करीत तो विमानाने गावोगाव हिंडला होता. विमानप्रवास सुरक्षित आहे ही गोष्ट सामान्य अमेरिकन माणसास पटवून देण्याचे काम रॉजर्सच्या लेखणीने जेवढे केले तेवढे क्वचितच कोणी केले असेल.

पोस्टच्या मनात त्या उन्हाळ्यात अलास्का आणि सैबेरिया यांवरून अमेरिकेतून रशियास जाणाऱ्या हवाई मार्गाची पाहणी करावयाची होती. रॉजर्सला अलास्का पाहावयाचा होता आणि रोजच्या मजकुरासाठी नवा विषय हवा होता. दोघेही ओक्लाहोमाचे, जुने स्नेही. बेत ठरला.

इतके होईपर्यंत 'विनी मे' पार झिजून गेले होते. म्हणून पोस्टने दुसरे विमान जुळविले. 'जुळविले' हाच शब्द येथे योग्य आहे. ओरायन ह्या जुन्या प्रवासी विमानाचे धड घेतले आणि त्याला एक्सप्लोरर नावाच्या वेगळ्या विमानाचे, सुमारे सहा फुटांनी अधिक लांबीचे पंख जोडविले. ही दोन्ही विमाने ज्या लॉकहीड कारखान्यात तयार झाली होती, तेथील अभियंत्यांनी असा जोड करण्यास नकार दिला. तोल साधणार नाही असे त्यांचे मत पडले. पोस्टने ते काम दुसरीकडे करवून घेतले. पुढे ५५० अश्वशक्तीचे जड इंजिन बसविले. अलास्कात धावपट्ट्या थोड्या आणि नद्या-सरोवरे पुष्कळ, म्हणून सिॲटल येथे चाके काढून त्यांच्या जागी पाण्यावर तरंगणारे, होडीसारखे दोन लांब पोकळ तरंडे लावावयाचे होते. जे हवे होते ते वेळेवर आले नाहीत. ध्रुवप्रदेशातला उन्हाळा चार दिवसांचा. थांबणे जिवावर आले आणि मोठ्या विमानासाठी बनविलेले तरंडे त्या जोडविमानाखाली बसविण्यात आले.

बैलगाडीत माल भरताना भार फार पुढे गेला तर बैलांच्या मानेवर जू जड होते आणि फार मागे गेला तर जू वर उचलले जाते, हे खेड्यातील लहान मुलासही कळते. विमानाचेही तसेच असते. पोस्टचे विमान पुढे जड झाले. इंजिन पुऱ्या जोराने चालू असेपर्यंत पंख्याने मागे फेकलेला हवेचा झोत शेपटावर आदळत असतो आणि वैमानिकाने सुकाणू ओढले की शेपटी दबते, नाक वर राहते. परंतु इंजिन थांबले की झोतही थांबतो. मग शेपटीत तेवढे बळ राहत नाही आणि विमान नाकावर जाऊ पाहते. म्हणजे नाकाचा तोल संभाळण्याची सारी जबाबदारी इंजिनावरच येऊन पडली होती. उड्डाणाच्या वेळी रॉजर्सने शक्य तितके मागे बसावे, असा त्यावर उपाय काढलेला होता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते सिॲटलहून निघाले. पोस्टची पत्नी मे तेथपर्यंत आली होती, पण पुढे गेली नाही. जूनो, डॉसन, अक्लाविक, फेअरबँक्स, अँकरेज असा प्रवास मजेत झाला. मंदीने उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांना सरकारने मॅटनुस्का खोऱ्यात नव्याने वसविले होते. ती वसाहत रॉजर्सने पाहिली आणि तिच्यावर लिहिले. रोज तार जात होती, लोक वाचीत होते.

१५ ऑगस्ट रोजी त्यांनी फेअरबँक्सहून उत्तरेकडे प्रयाण केले. भरल्या टाक्यांनिशी उडण्यास तेथील नदीचे पात्र अपुरे होते, म्हणून आधी हार्डिंग सरोवरावर जाऊन तेथे इंधन भरून घेतले. सुमारे पाचशे मैलांवर, अमेरिकेच्या भूमीचे उत्तर टोक असलेल्या पॉइंट बॅरोजवळची वस्ती गाठावयाची होती. तिकडची हवा चांगली नाही, धुके आहे, हे कळलेले होते. मध्ये ब्रूक्स पर्वताची रांग. ती ओलांडली की अफाट सपाट दलदल आणि तीत हजारो लहानमोठी तळी. सगळी एकसारखी, खुणेचे झाड म्हणून नाही. धुक्यात वाट चुकली. अखेर संध्याकाळी त्यांना समुद्रकाठी वालाक्पा येथे एक उथळ सरोवर आणि त्याच्या काठी काही माणसे दिसली. पोस्टने विमान पाण्यावर उतरविले.

तेथे क्लेअर ओक्पेआहा हा इनुपियाट जमातीचा शिकारी सहकुटुंब सीलच्या शिकारीसाठी तळ देऊन राहिला होता. ह्या लोकांना त्या काळची वर्तमानपत्रे सरसकट एस्किमो म्हणत. पाहुण्यांनी बॅरोची दिशा आणि अंतर विचारले. त्याने हात करून दाखविले. अंतर सुमारे पंधरा मैलांचे होते, म्हणजे विमानाने काही मिनिटांचे. दोघे थोडे पाय मोकळे करून पुन्हा आत बसले. इंजिन सुरू झाले, विमान पाण्यावरून धावले, उठले आणि लगेच उजवीकडे वळू लागले. तेवढ्यात इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडले.

पुढचे सारे क्षणात झाले. विमान उजव्या पंखावर कलंडून नाकावर पाण्यात आदळले आणि उलटे झाले. ज्या ठिकाणी ते पडले तेथे पाणी जेमतेम दोन-तीन फूट खोल होते. ओक्पेआहाने काठावरून हाका मारल्या, पण उत्तर आले नाही. पोस्टचे घड्याळ ८ वाजून १८ मिनिटांनी थांबलेले आढळले.

ह्या हकिकतीतील तिसरा माणूस तो हा ओक्पेआहा. तो दलदल, ओढे आणि तळी चुकवीत बॅरोपर्यंत पळत गेला. तेथे अमेरिकन सैन्याचे बिनतारी केंद्र होते आणि स्टॅन्ली मॉर्गन नावाचा सार्जंट ते संभाळीत असे. धापा टाकीत आलेल्या ओक्पेआहाला त्या प्रवाशांची नावे माहीत नव्हती. एकाचा डोळा दुखरा होता आणि त्यावर फडके बांधलेले होते, एवढे मात्र त्याने सांगितले. ऐकणाऱ्यांना तेवढे पुरे होते. वायली पोस्टची ती डोळ्यावरची पट्टी साऱ्या जगाने छायाचित्रांत पाहिली होती. लोक होड्या घेऊन धुक्यातून तिकडे गेले. पोस्टचा देह इंजिनाच्या भाराखाली अडकलेला होता. तो काढण्यासाठी विमान फोडावे लागले. बॅरोच्या लहानशा दवाखान्यातील मिशनरी डॉक्टर हेन्री ग्राइस्ट यांनी दोघांचेही देह स्वच्छ करून नीट गुंडाळले. नंतर जो क्रॉसन हा अलास्काचा नामवंत वैमानिक त्यांना नेण्यासाठी आपले विमान घेऊन आला. १९३३ च्या एकट्याच्या प्रदक्षिणेत पोस्टचे विमान अलास्कातील फ्लॅट ह्या गावी नाकावर पडून पंखा वाकला, तेव्हा नवा पंखा घेऊन धावला होता तो हाच मित्र.

बातमी आली त्या वेळी रॉजर्सची पत्नी मेन प्रांतातील एका गावी होती. तिची मुलगी मेरी तेथे उन्हाळी नाटकमंडळीत काम करीत होती. नाटक होते 'सीलिंग झीरो', आणि त्याचा विषय वैमानिकांचे धोक्याचे जीवन हा होता. कल्पित कथेत असे लिहिले असते तर वाचकांनी लेखकास नावे ठेवली असती.

इंजिन नेमके कशाने थांबले ह्याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. कोणी म्हणतात, थंड दमट हवेत इंधन मिसळण्याच्या यंत्रात बर्फ साचला असावा. कोणी म्हणतात, चालू टाकीतले इंधन संपले असावे, किंवा त्यात पाणी गेले असावे. पाण्यावर थांबले असता इंजिन फार थंड झाले, असाही एक तर्क आहे. परंतु सरकारी चौकशी मंडळाने जो निष्कर्ष काढला त्यात महत्त्वाचा शब्द इंजिन हा नाही. इंजिन अचानक बंद पडल्यानंतर, विमान अतिशय नाकजड असल्यामुळे, कमी उंचीवर त्यावरील ताबा सुटला, हे अपघाताचे संभाव्य कारण मंडळाने नोंदविले. इंजिने त्या काळी वरचेवर बंद पडत, आणि पुष्कळ वैमानिक त्यातून वाचतही. खाली सपाट, उथळ पाणी होते आणि विमानाला पाण्यावर उतरण्याची सोय होती. तोल साधलेले विमान असते तर ह्याहून बरी जागा शोधूनही सापडली नसती.

पोस्ट बेफिकीर होता असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याचे चरित्र तसे सांगत नाही. ज्याने एका डोळ्याला पावले मोजून अंतर शिकविले, तो निष्काळजी कसा म्हणावा? झाले ते निराळेच. धड मिळाले ते घेतले, पंख मिळाले ते लावले, तरंडे मिळाले ते बसविले. प्रत्येक वेळी तडजोड लहान होती आणि प्रत्येक वेळी आपले हात ती भरून काढतील, असा त्याला विश्वास होता. दहा दिवस ते हात ती भरून काढीतही होते.

२२ ऑगस्ट रोजी दोघांचे अंत्यविधी झाले; रॉजर्सचा कॅलिफोर्नियात आणि पोस्टचा ओक्लाहोमात. रॉजर्सचे अवशेष पुढे १९४४ साली ओक्लाहोमातील क्लेअरमोर येथे नेण्यात आले. बॅरो गावाने २०१६ साली उत्कियाग्विक हे आपले मूळ नाव पुन्हा धारण केले, पण तेथील विमानतळास ह्या दोघांचीच नावे आहेत. वालाक्पाच्या काठी त्यांचे स्मारक आहे. आणि 'विनी मे' हे विमान, अमेरिकन काँग्रेसने मंजूर केलेल्या रकमेतून, पोस्टच्या पत्नीकडून राष्ट्रासाठी विकत घेण्यात आले. चाके टाकून म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावर पोटावर उतरलेले ते जुने विमान स्मिथसोनियन संग्रहालयाने जपून ठेवले आहे.